सत्तावीस सेकंदांची चावी

ते साल एकोणीसशे सदुसष्ट. साल पक्कं लक्षात राहायचं कारण म्हणजे त्याच वर्षी कापड गिरणीचा भोंगा बदलला, आणि पहिले आठ दिवस अर्धा गाव कामावर उशिरा पोचला. त्याच वर्षी पाच जणांनी मिळून सिनेमा काढायचं मनावर घेतलं. पाच जणांत कॅमेरा एक, तोही उसना. फिल्मची रिळं तीन, त्यांची मुदत सहा वर्षांपूर्वी संपलेली. अक्कल किती होती ते पुढे दिसेलच.

कॅमेरा थोरलीच्या हातात असायचा. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि फोटोवाल्या काकांच्या स्टुडिओत रिटचरचं काम करायची. उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिलीने मुरूम, वण, देवीचे खड्डे असे बुजवायचे की खुद्द आईनेही पोरीला ओळखताना दोनदा बघावं. "गावातल्या निम्म्या सोयरिकी माझ्या पेन्सिलीने जुळवल्यात," असं ती म्हणायची. तिचा हात कापायचा नाही. म्हणून कॅमेरा तिच्याकडे.

हात न कापण्याची सवय तिला लहानपणीच लागली होती. आई गेली तेव्हा थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. बाबा गिरणीच्या फाटकावर वजनकाट्याशी बसायचे आणि दिवसभराचा राग घरी घेऊन यायचे. कमरेचा पट्टा काढायचे, तोही सावकाश, एकेका भोकातून. धाकटा पलंगाखाली शिरायचा आणि थोरली पलंगासमोर पाठमोरी उभी राहायची. एकदा पट्ट्याचं लोखंडी बकल तिच्या खांद्याखाली असं रुतलं की मांस उघडं पडलं. ती हलली नाही. बाबाच दमून खाली बसले. पुढे बाबांना दमा झाला, पट्टा खुंटीवर गेला, पण मध्ये पडायची थोरलीची सवय काही गेली नाही.

धाकटा कापडाच्या दुकानात विक्रीला होता. दिसायला राजबिंडा, तोंडाने चुरुचुरु. त्याला हिरो करायचं हे ठरवावंच लागलं नाही. गोष्ट लिहिली शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी. मास्तर मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडे टाकायचे, पण त्यांनी कागदावर अकरा खून लिहून आणले. माणसं पाच, त्यातली एक कॅमेऱ्यामागे. म्हणून पावाच्या भट्टीवर काम करणारा जाड्या तीनदा मेला, दर वेळी वेगळी टोपी घालून.

"मास्तर, माझ्या बायकोचा नंबर कधी?" जाड्याने तिसऱ्या वेळी विचारलं.

"तिचं काय?"

"एवढ्यांदा मेलो, ती बिचारी एकदा तरी रडायला यायला नको का?"

पाचवा फिटर. गॅरेजमध्ये ट्रकची इंजिनं उतरवायचा. अठ्ठावीस वर्षांचा, खांदे रुंद, बोलणं मोजकं. बाबांनीच त्याला थोरलीसाठी बघितलं होतं. साखरपुडा झाला होता, लग्न तीन महिन्यांवर होतं. थोरलीला तो आवडला होता आणि त्याला कारण होतं. काकांच्या कपाटात तो जुना सिनेमाचा कॅमेरा बारा वर्षं मुका पडला होता. त्याची स्प्रिंग मेली, असं काकांनी कधीच जाहीर केलं होतं. फिटरने तो एका रविवारी उघडला. त्याची ती जाडी, तेलाने काळी झालेली बोटं केसाएवढे स्क्रू काढत होती, जागच्या जागी मांडत होती, आणि संध्याकाळी कॅमेरा घुर्र करून चालू लागला. एवढ्या मोठ्या हातांना इतकं हळू होता येतं, हे बघूनच थोरलीचं त्याच्यावर मन बसलं.

कॅमेरा चालू लागला, पण त्याची एक खोड कोणाला काढता आली नाही. बाजूची चावी पूर्ण पिळली की तो सत्तावीस सेकंद चालायचा आणि मग आपोआप खट्ट करून थांबायचा. पण मध्येच बटण सोडलं, तर आतली फिल्म दात्यांवरून निसटायची आणि तिचा गुंता व्हायचा. गुंता सोडवायला डबी उघडली की उजेड शिरून सगळं रीळ मेलं.

पहिलं रीळ असंच मेलं, आणि तेही थोरलीच्या हातून. आवाज भरायची काही सोय नव्हती, सिनेमा मुकाच. त्यामुळे कॅमेरा चालू असताना कोणी तोंडाने काहीही बडबडायचं. धाकट्याला तर ऊतच यायचा. पहिल्याच मारामारीत जाड्या त्याचा गळा दाबत होता. धाकट्याने डोळे पांढरे केले, हातपाय झाडले आणि केविलवाणा ओरडला, "ताई! वाचव गं! हा कांदा खाऊन आलाय!"

थोरलीला हसू फुटलं. बोट सुटलं. आत करकर झाली आणि तीनातलं एक रीळ गेलं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.  फिटरने कॅमेरा तिच्या हातातून काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "चावी संपेपर्यंत कोणी थांबायचं नाही. कोणी पडो, कोणाला लागो. खट्ट झालं की मग काय ते." सगळ्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. धाकट्याने दोन्ही हात ठेवले.

तो नियम सगळ्यांनी पाळला, आणि त्यापायी त्या दोन महिन्यांत रक्तही काही कमी सांडलं नाही. जाड्या पडक्या भिंतीवरून पडला, मनगट मोडलं, आणि मोडलेल्या मनगटाने खट्ट होईपर्यंत दात ओठात रुतवून मेलेला पडून राहिला. मास्तरांच्या तळव्यात बाटलीची काच घुसली, ते मुठीत काच धरून उरलेले बारा सेकंद इशारे करत राहिले. धाकट्याची भुवई फुटली. खोटं रक्त म्हणून लाल शाईत डिंक कालवून ठेवला होता, पण निम्म्या वेळा त्याची गरजच पडली नाही. दुसरं रीळ संपलं तेव्हा सगळ्यांच्या अंगावर कुठे ना कुठे पट्टी होती आणि सगळे भलतेच खूश होते. आता ते आठवलं की थोरली म्हणते, किती मूर्ख होतो आम्ही! आणि तरी त्या मूर्खपणाची सर पुढच्या कुठल्या शहाणपणाला आली नाही.

उरलं तिसरं रीळ. त्यावर शेवटची मारामारी घ्यायची होती: खलनायक फिटर, हिरो धाकटा.

मारामारीसाठी लोखंडी पट्टी हवी होती, म्हणून धाकटा आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये गेला. घरी आल्यावर त्याने जेवणाला हात लावला नाही. थोरलीने ताट परत सरकवलं तेव्हा म्हणाला, "ताई, तू त्याला कामावर कधी बघितलंयस?"

"कोणाला?"

"दाजींना. होणाऱ्या."

"काय झालं?"

"एका ड्रायव्हरशी वाजलं. नटबोल्टवरून, एवढंसं काहीतरी. ड्रायव्हर म्हातारा होता गं. दाजींनी त्याचं डोकं बॉनेटवर आपटलं. एकदा नाही. तो सोडा म्हणाला, हात जोडले त्याने, दात पडला त्याचा खाली. तरी हे आपटतच होते. तो माणूस थांबत नाही, ताई. एकदा सुरू झाला की त्याला थांबताच येत नाही."

"पुरुषांचे राग असतातच," थोरली म्हणाली. "बाबांचे नव्हते?"

"म्हणूनच सांगतोय ना," धाकटा म्हणाला. "तुझ्यासमोर कोण उभं राहणार?"

थोरली त्यावर चिडली. लग्नाची साडी आली होती. आणि ज्या हातांनी ते केसाएवढे स्क्रू बसवले ते हात असे असतील, हे तिच्या गळी उतरेना. "तुला मी घरातून जायला नको आहे, एवढंच," ती म्हणाली. धाकट्याने तिच्याकडे बघितलं आणि ताटावरून उठला.

रविवारी सगळे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीत जमले. छपराचे पत्रे उडालेले, त्यामुळे दुपारी ऊन सरळ खाली यायचं आणि जुन्या फिल्मला तसंच रखरखीत ऊन लागायचं. मास्तरांनी खडूने जमिनीवर खुणा केल्या. ठोसा गालाच्या वीतभर अलीकडे थांबवायचा, तीनदा. मग हिरो पडतो, खलनायक छातीवर बसतो, आणखी चार ठोसे, तेही वीतभर अलीकडे. मग पट्टी उगारतो, आणि खट्ट.

धाकटा आणि फिटर कोपऱ्यात एकमेकांच्या तोंडाला शाई लावत होते. थोरलीने लांबून बघितलं, धाकटा काहीतरी बोलला, आणि फिटर हसला. हसत हसत त्याने धाकट्याच्या कपाळावर शाईचं बोट ओढलं.

धाकटा कॅमेऱ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "बोललो त्याच्याशी. म्हटलं, आज संध्याकाळी बाबांना सांगतोय, हे लग्न होणार नाही."

 "तुला कोणी सांगितला होता आगाऊपणा? काय म्हणाला तो?"

"काही नाही. हसला."

"चला, ऊन सरकतंय!" मास्तर ओरडले.

थोरलीने चावी पिळली, पार घट्ट होईपर्यंत. कॅमेऱ्याची बघायची काच बाजूला होती, नखाएवढी आणि ओरखडे पडलेली. त्यातून माणसं दिसायची ती बाहुल्यांसारखी. तिने बटण दाबलं आणि नेहमीसारखे मनात आकडे मोजायला लागली. एक, दोन.

पहिला ठोसा वीतभर अलीकडे थांबला. दुसरा थांबला नाही. हाडावर हाड आपटल्याचा आवाज आला आणि धाकट्याचं डोकं मागे गेलं. "शाबास!" मास्तर ओरडले. त्यांना वाटलं, काय झोकून देताहेत दोघं! पाच. सहा. धाकटा पडला. पडताना त्याने हात टेकला नाही, डोक्याचा मागचा भाग विटांवर आदळला. फिटर छातीवर बसला. दोन्ही गुडघे त्याने धाकट्याच्या दंडांवर ठेवले. असं ठरलेलं नव्हतं. मग तो मारू लागला. त्यात रागाची घाई नव्हती. घणाने खिळा ठोकतात तसा, एक, मग हात मागे, मग दुसरा. जबड्यावर. डोळ्यावर. परत त्याच डोळ्यावर.

तेरा. चौदा.

"ताई!" धाकटा ओरडला. "ताई, वाचव गं!"

सोळा.

थोरलीला ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की या वेळी मी हसणार नाही हं. बोट बटणावर आणखी घट्ट बसलं. सतरा, अठरा. एकोणिसाव्या सेकंदाला काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. विसाव्याला जाड्याने एक पाऊल पुढे टाकलं, आणि मास्तरांनी हात आडवा करून त्याला अडवलं. चावी संपलेली नव्हती. तीन माणसं तिथे उभी होती. तिघांनीही शपथ घेतली होती आणि तिघांचंही लक्ष कॅमेऱ्याच्या चावीवर होतं. धाकट्याच्या तोंडून आता शब्द येत नव्हते, नुसता बुडबुड्यांचा आवाज येत होता. बावीस. जबडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा. पंचवीस. सव्वीस.

खट्ट.

आणि फिटरचा वर गेलेला हात वरच थांबला.

तो उठला. गुडघ्यांची धूळ झटकली, मनगटाने कपाळाचा घाम पुसला. "झालं ना नीट?" त्याने विचारलं.

थोरली कॅमेरा टाकून धावली. धाकट्याच्या तोंडावर शाई कुठे संपते आणि रक्त कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. डावा डोळा जागेवर नव्हता. तिने पदराने तोंड दाबून धरलं तर बोटांखाली हाडं सरकली. जाड्या ओकत होता. मास्तर "अरे देवा, अरे देवा" करत खडूच्या खुणा पायाने पुसत होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फिटरनेच धाकट्याला खांद्यावर उचललं आणि रस्त्यापर्यंत पळत नेलं. लोकांनी बघितलं ते एवढंच.

हॉस्पिटलमध्ये डोळा काढावा लागला. जबडा तारेने बांधला. डोक्याला मार होता, अकरा दिवस कोणी काही छातीठोक सांगेना. पोलीस आले, प्रत्येकाला विचारून गेले. मास्तर म्हणाले, खेळात लागलं. जाड्या म्हणाला, खेळात लागलं. थोरलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी कॅमेऱ्यातून बघत होते. त्यातून नीट दिसत नाही." खोटं नव्हतं ते.

फिटर रोज यायचा. कधी फळं आणायचा, कधी दूध. बाकावर डोकं धरून बसायचा. नर्स म्हणायच्या, असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं. बाबा खोकत खोकत म्हणाले, "पोराच्या हातून चूक झाली, माणूस चांगला आहे. तारीख बदलायची नाही."

थोरलीला कळत नव्हतं. धाकटा म्हणाला होता, त्याला थांबता येत नाही. तसं असेल तर तो आजार आहे, रागाचा झटका. झटका कोणाला येत नाही? तिच्या बापालाही यायचा. त्या माणसाशी लग्न करून ती निभावून नेईल, आयुष्यभर निभावतच तर आली होती. एक दिवस जिन्यात फिटरने तिला गाठलं.

"ते रीळ आहे ना, ते जाळून टाक," तो म्हणाला. "बघवणार नाही कोणाला."

"हो," ती म्हणाली.

"आजच जाळ."

तो दुसऱ्यांदा म्हणाला नसता, तर तिने खरंच जाळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काकांकडे डार्करूमची किल्ली मागितली. काकांनी ती लगेच दिली. लाकडी चौकटीवर फिल्म गुंडाळून तिने ती औषधाच्या घमेल्यांमधून काढली, धुतली, दोरीवर टांगली. वाळल्यावर उजेडाच्या काचेवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. एका सेकंदाची सोळा चित्रं, प्रत्येक चित्र नखाहून लहान. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. ऊन काळं, रक्त पांढरं. तिची नजर त्यावर तयार झालेली. ती एकेक चित्र सरकवत गेली. आपल्या भावाचा चेहरा एकेका चित्रात थोडा थोडा मोडताना बघत गेली, आणि हात कापला नाही.

धाकट्याचं तोंड 'ताई' म्हणायला उघडलं ते चित्र सापडलं. त्याच्या पुढच्याच चित्रात फिटरची मान वळलेली होती. पुढच्या पाचही चित्रांत तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. निगेटिव्हमध्ये बुबुळं पांढरी दिसतात. दोन पांढरे ठिपके तिच्याकडे बघत होते. चेहरा शांत, ओठ मिटलेले, भुवई जरासुद्धा चढलेली नाही. कॅमेरा चालू आहे ना, एवढं बघून घेतलं त्याने. मग मान परत वळली आणि हात खाली आला. ज्या माणसाने ती स्प्रिंग बसवली होती त्याला आपल्याकडे किती सेकंद उरलेत ते पक्कं ठाऊक होतं.

धाकट्याचं चुकलं होतं. त्या माणसाला थांबता येत होतं.

ती हॉस्पिटलमध्ये गेली. धाकट्याच्या उशाशी पाटी होती, त्यावर तो लिहून बोलायचा. ती म्हणाली, "तू हाक मारलीस ती मला ऐकू आली होती. मी बटण सोडलं नाही."

त्याने एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं. मग पाटीवर लिहिलं, "मी तरी आधी खोटंच ओरडायचो ना." पुसून परत लिहिलं, "लग्न?"

"नाही," ती म्हणाली.

आता नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. बाबा ऐकणार नव्हते, मास्तर आणि जाड्या जबाब बदलणार नव्हते, आणि फिटर हसून सगळ्यांना दूध वाटत फिरणार होता. पोलिसांनाही ती जाऊन भेटली. साहेबांनी नखाएवढं चित्र उजेडाला धरलं, डोळे बारीक केले आणि परत दिलं. "बाई, यात तर मुंगीही दिसत नाही."

मग तिने ते मोठं केलं. स्टुडिओत लग्नाच्या जोडप्यांचे मोठे फोटो करायचे त्याच यंत्राखाली ते नखाएवढं चित्र ठेवलं आणि दीड हात उंचीचा कागद काढला. दाणे ज्वारीएवढे झाले, पण माणूस ओळखू येत होता. वर उगारलेली मूठ, खाली भावाचं ते तोंड, आणि मधे बघणाऱ्याकडे रोखून बघणारे ते दोन डोळे. तिने पेन्सिल हातात घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक फोटो तिने जसा निघाला तसा ठेवला.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत नवरा-नवरीचे फोटो लावलेले असायचे. मधली जागा सर्वात मोठी. सकाळी दहाला तिने मधला फोटो काढला आणि तिथे तो लावला.

काका बाहेर येऊन बघत उभे राहिले. "पोरी, धंद्याची वाट लागेल."

"काढू का, काका?"

काकांनी चष्मा पुसला. "राहू दे. आतून कडी लाव फक्त."

अकरापर्यंत फुटपाथवर माणसं मावेनात. कोणी जोरात बोलत नव्हतं. दुकानांतली माणसं दुकानं उघडी टाकून आली. हॉस्पिटलमधली एक नर्स बघून गेली आणि दुसरीला घेऊन आली. जाड्या पिठाच्या हातांनी आला, फोटोसमोर उभा राहिला, आणि तिथेच फुटपाथवर बसून रडला. "मी पाऊल टाकलं होतं," तो येईल त्याला सांगत होता. "एकच टाकलं."

साडेअकराला फिटर आला. गर्दीने त्याला वाट दिली. तो काचेसमोर थांबला, स्वतःच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग आत उभ्या असलेल्या थोरलीकडे बघितलं. हाताने खूण केली, काढ.

तिने मान हलवली. नाही.

त्याच्या हातात गॅरेजचा पाना होता. पहिल्या फटक्याला काच तडकली, दुसऱ्याला कोसळली. नवरा-नवरी सगळे काचांच्या ढिगात पडले, मधला फोटो तेवढा थोरलीने ओढून आतल्या भिंतीला टेकवला. तो उंबऱ्यासारखी ती चौकट ओलांडून आत आला. काका मध्ये आले तर त्यांना त्याने भिंतीवर फेकलं. थोरली फोटोसमोर उभी होती, पण या वेळी पाठमोरी नव्हती. पाना तिच्या कानशिलाच्या बाजूने खाली आला. तिने डोकं वळवलं म्हणून कवटी वाचली, कान फाटला आणि खांद्याचं हाड चुरडलं. ती खाली बसली, पण फोटोला पाठ टेकवून. दुसऱ्यांदा पाना वर गेला तेव्हा ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "किती सेकंद उरलेत?"

तो क्षणभर थबकला. बाहेरून दोनशे माणसं बघत होती, आणि त्यांच्यापैकी कोणी कसली शपथ घेतली नव्हती.

पहिला आत उडी मारून आला तो जाड्या. मग कापडाच्या दुकानातली माणसं, मग हमाल. त्यांनी फिटरला खाली पाडलं आणि मग जे केलं ते बघवत नव्हतं. थोरलीने ते सगळं जमिनीवर बसून बघितलं, रक्त मानेवरून पोटापर्यंत ओघळत असताना. शेवटी तीच ओरडली, "पुरे!" एकदा ओरडून भागलं नाही. चारदा ओरडावं लागलं, तेव्हा कुठे ते थांबले.

फिटरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आणि ती थोरलीवरच्या हल्ल्याची. धाकट्याचं प्रकरण कागदावर 'खेळात लागलं' असंच राहिलं, कारण मास्तरांनी जबाब फिरवला नाही. सुटल्यावर फिटर दुसऱ्या गावी गेला, स्वतःचं गॅरेज टाकलं, लग्न केलं. त्याच्या हाताला चांगलं काम आहे असं म्हणतात. त्याच्या बायकोबद्दल कोणी काही सांगत नाही.

मास्तरांनी बदली मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुलांना फळं आणि फुलदाण्याच काढायला लावल्या. दर वर्षी त्यांचं थोरलीला पत्र यायचं, त्यात हवापाण्याशिवाय काही नसायचं. ती उत्तर द्यायची नाही, पण पत्रं तिने फेकलीही नाहीत. जाड्याने पुढे स्वतःची भट्टी घातली, त्याला पाच मुली झाल्या. वयाच्या साठाव्या वर्षी जेवता जेवता मान टाकली आणि गेला. त्याची बायको खूप रडली.

काकांनी नवी काच बसवली, आणि चार वर्षांनी स्टुडिओ थोरलीच्या नावे करून मुलाकडे राहायला गेले. बाबा त्याच सदुसष्टच्या हिवाळ्यात दम्याने गेले. तो फोटो ते बघायला गेले नाहीत.

धाकट्याचा जबडा वाकडा बसला. डोक्याच्या माराने वास घ्यायची शक्ती कायमची गेली. कापडाच्या दुकानाला तसला चेहरा चालेना. तो कातडी कमावायच्या कारखान्यात लागला. तिथल्या वासाने माणसं आठवड्यात पळून जायची, त्याला काहीच जाणवायचं नाही. बघता बघता तो तिथला मुकादम झाला. त्याची बायको म्हणायची, सासर चांगलं मिळालं, फक्त नवऱ्याला अंगणाबाहेर आंघोळ घालावी लागते.

थोरलीने लग्न केलं नाही. उजवा खांदा नीट वर जायचा नाही, म्हणून डाव्या हाताने पेन्सिल धरायला शिकली. रंगीत फोटो येऊन रिटचिंग संपेपर्यंत ती ते काम करत होती. आता ती ब्याऐंशीची आहे. धाकट्याच्या घरी मागच्या खोलीत राहते. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून रेडिओ मोठ्याने लावते, आणि धाकटा रोज सकाळी वाकड्या तोंडाने तिच्यावर ओरडतो.